गंजगोलाईतलं जुन्या डीव्हीडीचं दुकान

दुकान म्हणजे काय, तर चपलांच्या दुकानाच्या जिन्याखालची जागा. लातुरात अजून कुणी डीव्हीडी विकत असंल असं वाटलंच नव्हतं. मी 'ब्लेड रनर' (१९८२) उचलली, तसे काका म्हणाले, "हे घ्यायलाव तर 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'बी न्या. माणूस तोच हाय." वाटलं, गळ्यात मारायलेत. दोन्हीचे साडेतीनशे दिले.

काका खरं बोलले. सिनेमात कागदाला घड्या घालून प्राणी करणारा, मोजकंच बोलणारा गाफ म्हणजे एडवर्ड जेम्स ओल्मोस. २००४च्या मालिकेत तोच कमांडर अ‍ॅडामा! चेहऱ्यावर वीस वर्षं चढलेली, पण नजर तीच. तिथं माणसासारख्या दिसणाऱ्या यंत्रांच्या शिकाऱ्यावर लक्ष ठेवायचा, इथं तसल्याच यंत्रांपासून उरलीसुरली माणसं वाचवायलाय. अन् त्या यंत्रांना द्यायची शिवीसुद्धा दोन्हीकडं एकच, 'स्किन जॉब'. हे ऐकून मी एकटाच हसलो, बायकोला वाटलं लागलं डोक्याला.

मालिकेची तिसरी डिस्क अडकत होती. काकांनी कुरकुर न करता बदलून दिली, वर चहा पाजला. बिल मात्र मागू नका. दुपारी दोन ते चार शटर खाली असतं.