घोड्याची गुंगी: मानेवरून ओळखावी की चेहऱ्यावरून?

झायलाझीन किंवा डेटोमिडीन ही गुंगीची औषधं शिरेतून दिली की काही मिनिटांत घोडा मान खाली सोडतो. म्हणूनच गुंगी मोजायची जुनी रीत सरळ आहे. औषधाआधी डोकं जमिनीपासून किती उंच होतं ते टेपने मोजायचं आणि नंतर पुन्हा मोजायचं. उंची निम्म्यावर आली की गुंगी पुरेशी धरतात. आकडा हाती येतो, वाद उरत नाही.

पण दात कानशीने घासायला घोड्याचं डोकं आधारावर टेकवलं, की टेपचा उपयोग संपला. शिवाय असिप्रोमझीन या दुसऱ्या शामक औषधाने घोडा शांत होतो, पण मान तितकी खाली येत नाही.

अशा वेळी चेहरा बोलतो. एरवी आवाजाकडे टवकारणारे कान सैल पडून बाजूंना झुकतात, कानांच्या टोकांमधलं अंतर वाढतं. पापण्या अर्ध्या मिटतात. खालचा ओठ लोंबतो, वरचाही ढिला पडतो. ब्राझीलच्या संशोधकांनी याच खुणांना गुण देणारी 'फेससेड' ही मोजपट्टी २०२१ मध्ये मांडली. घोड्याला हात न लावता, फोटोवरूनही गुण देता येतात.

अडचण इथेही आहेच. काही म्हाताऱ्या घोड्यांचा ओठ एरवीही लोंबलेलाच असतो, म्हणून औषधाआधीचा चेहरा नीट पाहून ठेवावा लागतो. मला विचाराल तर तबेल्यात मी चेहऱ्यावर जास्त विसंबेन, टेप नोंदीपुरती. आणि दोन्ही खुणा पटल्या तरी मागच्या पायांपासून लांबच; गुंगीतला घोडाही नेम धरून लाथ मारतो.