नागपुरात शिडाची बोट : सेकंडहँड हॉबी 16, दहा महिने वापरल्यानंतर

आधी तो प्रश्न उरकून घेतो. "समुद्र कुठं आहे बाप्पा इथं?" ऑफिसात, लग्नात, दुधाच्या लाइनीत सगळ्यांनी विचारून झालं आहे. समुद्र नाही, पण जिल्ह्यात तलाव आणि जलाशय भरपूर आहेत. आमच्या पोट्ट्यांना पाण्याचं वेड लागलं ते रामटेकजवळ खिंडसीला मोटरबोटीत बसल्यावर. मोटरचा आवाज आणि धूर मला सोसेना. शीड लावून फिरता येईल का, एवढ्या एका विचारातून हे सगळं घडलं. आम्ही बोट रामटेकच्याच बाजूच्या एका जलाशयावर उतरवतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या ढीवर, म्हणजे मासेमार, लोकांची शांतता माझ्यामुळे बिघडायला नको. तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी आधी काढली आणि पिण्याच्या पाण्याचे तलाव सोडून दिले. अंबाझरी तलाव घराजवळ आहे म्हणून मोह झाला होता, पण तिथली जलपर्णी पाहिल्यावर रडर, म्हणजे बोट वळवायचं सुकाणू, कसं चालवणार हाच प्रश्न पडला.

बोटीबद्दल, म्हणजे हॉबी 16 या मॉडेलबद्दल, थोडक्यात. खाली केळ्यासारखे वाकलेले दोन फायबरचे हल, म्हणजे बोटीचे तरंगणारे लांबट भाग, त्यांना जोडणारी अॅल्युमिनियमची चौकट आणि चौकटीवर ताणलेली कापडी ट्रॅम्पोलिन. बसायचं त्या ट्रॅम्पोलिनवरच, आत वगैरे काही नाही. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या हॉबी ऑल्टरने ही 1970 च्या सुमारास काढली आणि आजवर लाखाच्या वर बनल्या. लांबी 5 मीटर, रुंदी 2.4, वजन दीडशे किलोच्या आत, डोलकाठी 8 मीटर. खाली पाण्यात खुपसायची पाती नाहीत, हलचा आकारच बोटीला आडवं घसरू देत नाही. म्हणून ती वाळूवर चढते, उथळ पाण्यात चालते आणि सुरुवात-शेवट काठावरच करता येतो. आमच्यासारख्या, उन्हाळ्यात अर्धे आटणाऱ्या पाण्याला हे फार सोयीचं. निदान तेव्हा असं वाटलं होतं.

बोट मिळाली गोव्यात, एका रिसॉर्टच्या मागे माडाखाली. नावं सांगत नाही. फोटोत पांढरीशुभ्र दिसत होती. दोन लाख दहा हजार सांगितले होते. बघायला मी आणि बायको दोघं गेलो. मी महिनाभर वाचून यादी करून नेली होती, तिने काही वाचलं नव्हतं.

मी यादी उघडेपर्यंत ती हलच्या बाजूला उकिडवी बसून बोटाच्या पेरांनी टकटक करत पुढे सरकत होती. उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात माठ वाजवून घेतात, अगदी तसंच. मागून पुढे येताना आवाज टणक येत होता, टक् टक् टक्. डोलकाठीच्या पुढच्या भागात, चौकटीचा पाय हलमध्ये जातो त्याच्या पुढे वीतभर, आवाज एकदम बसला. थप्. "अहो, हा फुटका आहे." फुटका नव्हता, पण तिने नेमकी जागा पकडली होती. या बोटीच्या हलमध्ये फायबरच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये फोम असतो. माणसं वर बसून, उन्हात तापून, पाणी शिरून वरचा पापुद्रा फोमपासून सुटतो. वरून रंग शाबूत असतो, पण अंगठ्याने दाबलं की किंचित दबतं आणि हळूच वर येतं. पुढच्या पायांच्या आसपासची जागा त्यासाठी बदनामच आहे. नंतर आम्ही एक रुपयाच्या नाण्याने सगळा हल वाजवला आणि जिथं जिथं आवाज मऊ आला तिथं पेन्सिलने गोल काढले. उजव्यावर एक तळहाताएवढा, डाव्यावर दोन लहान. विकणारा गप्प झाला. तिथंच भाव घसरायला लागला.

मऊ जागा तळहाताएवढी असेल तर घाबरू नका, दुरुस्त होते. पुढच्या पायाच्या भोवती हातभर पसरलेली असेल तर बोट सोडून द्या, कितीही स्वस्त असो. शीड, दोऱ्या, तारा, रडर हे सगळं नवं मिळतं. हल नवा घ्यायचा म्हणजे बोटच नवी घ्यायची.

बाकीची तपासणी मी केली आणि तिथंच चुकलो. तळ बघितला. रिसॉर्टवाले वर्षानुवर्षं वाळूवरून ओढतात, त्यामुळे हलची खालची धार झिजून सपाट होते. आमच्या बोटीची अंगठ्याएवढी सपाट झाली होती, पण आतलं कापड उघडं पडलं नव्हतं. चौकटीचा एक कोपरा उचलला की दुसरी बाजूही लगेच उचलली जावी. आधी ती पिळवटली आणि कुरकुरली तर पाय ढिले आहेत असं समजायचं. आमची जरा कुरकुरली. गळती बघायला हलच्या मागच्या बुचाच्या भोकातून नळी घालून तोंडाने फुंकलं आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडलं. कॉम्प्रेसर लावायचा नाही, सांधाच फाटतो. एके ठिकाणी बुडबुडे आले. शीड झटकल्यावर कडक कागदासारखं वाजलं, म्हणजे ठीक. शिवणीचा दोरा नखाने खरवडला तर तुटू नये. मुख्य शिडाचा टिकला, ट्रॅम्पोलिनचा जागोजागी सुटला.

डोलकाठी उभी धरून ठेवणाऱ्या तारांबद्दल विकणारा म्हणाला, "मागच्याच वर्षी बदलल्यात." मी मान डोलावली. तारेवरून कापसाचा बोळा फिरवायचा असतो. एखादा बारीक धागा तुटलेला असेल तर कापूस तिथं अडकतो. माझ्या यादीत ते लिहिलं होतं, बॅगेत कापूसही होता, विदर्भातल्या माणसाच्या बॅगेत नसेल तर कुणाच्या असणार. पण ऊन चढलं होतं, भाव एक लाख पंचेचाळीसवर आला होता आणि मला ती बोट हवी होती. मी कापूस फिरवला नाही.

वाहतूक. हल आणि चौकट सुटी होते, पण डोलकाठीला घडी नाही. 8 मीटरची काठी साध्या ट्रकमागे बाहेर काढून नेणं धोक्याचं आणि नियमाबाहेरचंही. शेवटी 32 फुटी कंटेनरमध्ये दुसऱ्या मालासोबत पार्ट लोड टाकला. सतरा हजार. नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामात उतरवताना हमालांनी विचारलं, "हे मोबाइल टॉवर आहे का?"

हलची दुरुस्ती नागपुरातच झाली याचा मला अजून अभिमान वाटतो. फायबरचे कूलर बनवणारे एक उस्ताद आहेत. त्यांनी बोट कधी बघितली नव्हती, पण फायबर आयुष्यभर बघितलं आहे. मऊ जागेवर इंच-दीड इंचाच्या अंतराने बारीक भोकं पाडली, वरचाच पापुद्रा छेदून, खालच्याला हात न लावता. मग सिरिंजने पातळ एपॉक्सी एका भोकातून सोडलं, ते शेजारच्या भोकातून वर येईपर्यंत. वर प्लास्टिक अंथरून विटा ठेवल्या. दुसऱ्या दिवशी नाणं वाजवलं तर टक्. ते म्हणाले, "कूलरले एवढं कुणी करत नाही, साहेब." दहा महिन्यांत ती जागा पुन्हा मऊ झालेली नाही.

पहिले दोन महिने आम्ही फक्त अडकत होतो. नागपूरचा वारा हिवाळ्यात जवळजवळ नसतोच, सकाळी पाणी आरशासारखं. त्यात ही बोट वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून वळवायची म्हणजे अर्ध्यात थांबते आणि मागे चालायला लागते. उपाय असा की पुढचं छोटं शीड लगेच दुसऱ्या बाजूला घ्यायचं नाही. वारा त्यात उलट्या बाजूने भरू द्यायचा, नाक वळतं, मग सोडायचं. मुलगी नववीत आहे, तिला हे माझ्या आधी जमलं. चौघं बसलो की आमचं वजन होतं दोनशेच्या पुढे, त्यामुळे हलक्या वाऱ्यात बोट म्हशीसारखी चालते. दोघं असलो तरच तिला गंमत येते. चौघांच्या कुटुंबासाठी ही बोट योग्य का, असं विचारलंत तर समुद्रकाठी हो, इथं अर्धं हो. पोराच्या वहीत नोंद आहे : 34 वेळा गेलो, त्यातले 12 वेळा वाराच नाही, वल्ही मारत परत.

खाली चाकांचा गाडा लागतो. वेल्डिंगवाल्याकडून स्कूटरची चाकं लावून घेतला, तो काळ्या मातीत पहिल्याच दिवशी रुतून बसला. आता जाड टायरची चाकं आहेत, तरी पाऊस झाल्यावर चार माणसं लागतात.

तारांचं प्रकरण जानेवारीत निघालं. काठावर डोलकाठी उभी करताना बाजूची तार तिच्या टोकाच्या दाबलेल्या नळीपाशी तुटली आणि काठी गवतात आडवी झाली. खाली कुणी नव्हतं, हे नशीब. तुटलेलं टोक हातात घेतलं तर आतले धागे तपकिरी, गंजलेले. फक्त दोन-तीन चकाकत होते, तेच तेवढे ताजे तुटले होते. मागच्या वर्षीच्या तारा असल्या नसतात. सगळा संच मुंबईहून मागवला, साडेचौदा हजार. डोलकाठीचं आणखी एक. उभी करायच्या आधी वर बघायचं. काठावरून, शेतावरून विजेच्या तारा गेलेल्या असतात आणि 8 मीटर अॅल्युमिनियम हातात घेऊन आपण चालत असतो. अमेरिकेत अशा अपघातांनंतरच हॉबीच्या काठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरचा करायला लागले. आमच्या काठीला तो आहे, तरी बोट जोडायची जागा मी तारांपासून लांबच ठरवली आहे.

उन्हाचं कंपनीच्या पुस्तकात नागपूरएवढं लिहिलेलं नाही. एप्रिलात मामेसासऱ्यांच्या शेतातल्या शेडखाली बोट होती. दुपारी दोनला हलचं बूच सैल केलं तर प्रेशर कुकरसारखं फुस्स झालं. बंद हलमधली हवा तापून फुगते आणि सांध्यांवर जोर येतो. जमिनीवर असताना बुचं काढूनच ठेवायची आणि पाण्यात उतरण्याआधी लावायला विसरायचं नाही. ती लावायला विसरायची चूक मी एकदा केली आहे. अर्ध्या तासात डावा हल इतका जड झाला की मुलगा म्हणाला, बाबा, आपण लंगडतोय.

आणि नवतपा. मे महिन्याचा शेवट, संध्याकाळी पाच. पश्चिमेचं आभाळ मातकट झालं होतं. बायको म्हणाली, "अहो, शीड उतरवा." मी म्हणालो, पाच मिनिटं. दोन मिनिटांत वारा आला. शिडाची दोरी मी हातात धरायच्या ऐवजी खाचेत अडकवून ठेवली होती. एक हल वर उचलला गेला, दोरी सुटेना आणि आम्ही चौघं पाण्यात. जॅकेटं होती. चार डोकी मोजली, पुन्हा मोजली. बोट आडवी होऊन थांबायला हवी होती, पण डोलकाठीच्या टोकाला जो तरंगता फुगा लावतात तो मी महाग म्हणून घेतला नव्हता. ती पूर्ण उलटी होऊ लागली आणि मध्येच थांबली. पाणी पाच मीटरही नव्हतं. काठीचं टोक तळाच्या चिखलात घुसलं होतं.

बोट सरळ करायची पद्धत अशी की नाक वाऱ्याकडे करायचं, वरच्या हलवरून दोर टाकायचा, खालच्या हलवर उभं राहून दोर धरून मागे झुकायचं. शीड पाण्याबाहेर आलं की वाराच मदत करतो. त्यासाठी साधारण 135 किलो लागतं. आम्ही दोघं मिळून 133. पण चिखलातल्या काठीपुढे हा हिशोब बिनकामाचा होता. वीस मिनिटांनी एक ढीवर काका डोंगा घेऊन आले. थोडा वेळ नुसते बघत राहिले, मग म्हणाले, "काहून जी, मासोया पकडून राहिले का शिडानं?" त्यांनी वर ओढायचा प्रयत्नच केला नाही. काठी ज्या बाजूने घुसली होती त्याच रेषेत, उलट्या दिशेने, पुढच्या टोकाला दोर बांधून हळूहळू डोंग्याने ओढलं. चिखल सुटला, काठी वर आली, मग तिघांनी झुकून बोट उभी केली. पैसे घेतले नाहीत. बंद डब्यातल्या दशम्या कोरड्या राहिल्या होत्या, त्यातल्या दोन घेतल्या. दुसऱ्याच दिवशी मी फुगा मागवला. आता ते काका लांबूनच विचारतात, "आज उभी ठेवता का आडवी?" बायको मला न विचारता उत्तर देते.

मजा खरी जून-जुलैत आली. पाऊस सुरू झाला की पश्चिमेचा सलग वारा असतो, पाणी वाढतं, ऊन नसतं. जुलैतल्या एका रविवारी मी आणि मुलगी दोघंच होतो, एक हल पाण्याच्या वर आणि मुलगी तोल सांभाळायला तारेला लटकून बाहेर. खालचा हल शीळ घातल्यासारखा वाजत होता. त्या दिवसाच्या वहीत पोराने रागाने लिहिलंय : "मला नेलं नाही."

जॅकेटं, फुगा, तारा, गाडा सगळं धरून सव्वादोन लाखांच्या घरात गेलं, म्हणजे नवीच्या मानाने अजूनही बरंच कमी. विकणाऱ्यावर राग आहेच, पण कापूस माझ्याच बॅगेत होता. सध्या डाव्या रडरच्या खिळ्यात ढिलेपणा आला आहे, हँडल धरलं की बोटभर खडखडतं. ट्रॅम्पोलिन शिवायला ताडपत्रीवाल्याकडे टाकली आहे. त्याने पोळ्यानंतरची तारीख दिली आहे.