रात्रीच्या मासेमारीला एआयएस की रडार?
हर्णैवरून रात्री बाहेर पडलं की जेएनपीटी बंदराकडे जाणारे कंटेनरवाले आडवे येतातच, त्यांच्यासाठी प्लॉटरला (नकाशा दाखवणारा स्क्रीन) एआयएस, म्हणजे जहाजं आपली माहिती रेडिओवरून कळवतात ती यंत्रणा, जोडलेलं बेस्ट, स्क्रीनवर जहाजाच्या त्रिकोणाला टच केलं की नाव, स्पीड, दिशा आणि सीपीए म्हणजे किती जवळून जाणार, शिवाय ते किती मिनिटांनी, सगळं दिसतं, मग व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल 16 वर नावानिशी हाक मारता येते. पण ज्या होडीवर एआयएस नाही ती स्क्रीनवर नाहीच! तिथे रडार लागतं. फक्त लाकडी, फायबरच्या होड्यांची खूण फिकी उमटते आणि जोराच्या पावसात तर पडदाभर ठिपके. पैसे एकाचेच असतील तर मी आधी एआयएस घेईन, मोठं जहाज पटकन वळत नाही हो. आणि नुसता रिसीव्हर नको, ट्रान्सपॉन्डरच घ्या, म्हणजे आपण त्यांनाही दिसू.