पालकांसाठी व्हॉट्सॲप, बाईंसाठी टेलिग्राम

मी पुण्यात एका अनुदानित मराठी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. सोशल मीडिया वर्गात वापरा, असं सांगणारी प्रशिक्षणं आम्ही भरपूर ऐकली. कुठलं ॲप कशाला चालतं आणि कशाला मुळीच चालत नाही, हे मात्र तिथे कोणी सांगत नाही. म्हणून हे परीक्षण. सगळंच फुकट आहे, पण तुळशीबागेत वाढलेल्या माणसाला फुकटची वस्तूसुद्धा उलटीसुलटी करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

आधी व्हॉट्सॲप, कारण त्यातून सुटकाच नाही. माझ्या वर्गाच्या पालकांत रिक्षावाले आहेत, पोळ्यांची कामं करणाऱ्या आहेत, हिंजवडीला जाणारेही आहेत. ईमेल बघणारे मोजके, व्हॉट्सॲप सगळ्यांकडे. पण वर्गाचा साधा ग्रुप काढा आणि त्यात घटक चाचणीचं वेळापत्रक टाकून बघा. ‘ओके मॅडम’, ‘ओके टीचर’, जोडलेले हात, अंगठे, मधेच कोणाचं तरी संकष्टीचं चित्र. वेळापत्रक कुठच्या कुठे जातं आणि रात्री साडेदहाला फोन येतो, ‘मॅडम, उद्या कसला पेपर आहे हो?’

यावर एकच औषध आहे. ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन संदेश पाठवायची परवानगी फक्त ॲडमिनला ठेवायची. काहींना राग येतो, येऊ द्यावा. शंका असेल त्याने मला वेगळं लिहावं, मी संध्याकाळी सातपर्यंत उत्तर देते, त्यानंतर नाही. हे पहिल्या पालकसभेत सांगून टाकलं की वर्षभर शांतता. असा बंद ग्रुप असेल तर व्हॉट्सॲपला पाचपैकी चार तारे.

एक तारा कापला तो नंबरांसाठी. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि चाळीसपन्नास आयांचे नंबर असे उघड्यावर ठेवणं मला पटत नाही. २०२३ मध्ये आपल्याकडे आलेल्या व्हॉट्सॲप चॅनेलमध्ये ही अडचण नाही. फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. शाळेच्या सूचनांसाठी ते उत्तम. वर्गासाठी कोरडं वाटतं, कारण पालकाला तिथे बदाम देता येतो, स्वतःहून काही विचारता येत नाही. मुलांचा वेगळा ग्रुप मी काढत नाही. व्हॉट्सॲपची स्वतःचीच अट किमान १३ वर्षांची आहे, आणि पाचवी-सहावीच्या मुलांचे ग्रुप काढणारे शिक्षक ती वाचत नसावेत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दहावीला विजेची मोटर शिकवताना मी एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि वाइंडिंगची, म्हणजे मुलामा दिलेली तांब्याची तार घेऊन वर्गात मोटर करते. तार विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत मिळते. कृती यूट्यूबवर सापडते. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलेल्या अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांच्या चित्रफिती तिथे आहेत, बऱ्याच मराठीतही. त्यांना तारे देणारी मी कोण! पण चित्रफितीला प्रश्न विचारता येत नाही. मुलांच्या हातातली मोटर फिरेना, नुसती डुलत राहिली, तेव्हा विचारायचं कोणाला?

मी टेलिग्रामवरच्या आमच्या विज्ञान शिक्षकांच्या ग्रुपमध्ये व्हिडिओ टाकला. मधल्या सुट्टीच्या आत एका सरांचं उत्तर, सोबत तारेच्या टोकाचा जवळून काढलेला फोटो. तारेवरचा मुलामा एका टोकाला पूर्ण खरवडायचा आणि दुसऱ्या टोकाला फक्त अर्ध्या बाजूचा. मुलं उत्साहाच्या भरात दोन्ही टोकं चकचकीत करतात. मग वीज सतत वाहते आणि पहिल्या अर्ध्या फेरीत मिळालेला धक्का पुढच्या अर्ध्या फेरीत उलटा बसतो. अर्धा मुलामा ठेवला की तेवढा वेळ वीज बंद, तारेचं वेटोळं आपल्या वेगाने पुढे सरकतं. पुस्तकातल्या मोटरीत उलटा धक्का टाळायचं काम दोन अर्ध्या कड्या विजेची दिशा बदलून करतात, हे मुलांना तिथे एका झटक्यात कळलं.

पालकांकडे गप्पा बंद हव्यात, शिक्षकांकडे गप्पाच हव्यात, आणि त्यासाठी टेलिग्राम सरस. सेटिंग तसं ठेवलं की नवा शिक्षक आला तरी जुनी चर्चा त्याला दिसते, म्हणजे मोटरीचा प्रश्न दरवर्षी नव्याने विचारावा लागत नाही. २ जीबीपर्यंतची फाइल जाते. क्विझ टाकता येते, चुकीच्या उत्तराला खाली कारणही लिहिता येतं.

शिवाय एक पद्धत आम्ही परक्यांकडून उचलली. अमेरिकेतल्या काही शिक्षकांनी २००९ मध्ये ट्विटरवर एडचॅट नावाचा हॅशटॅग सुरू केला. ठरलेला वार, ठरलेला तास, एक विषय आणि सगळ्यांनी त्यावरच बोलायचं. आम्ही गुरुवारी रात्री अर्धा तास तसं करतो. नियम एवढाच, स्वतःच्या वर्गात केलेलं सांगायचं, कुठून तरी आलेलं पुढे ढकलायचं नाही. या नियमामुळे ग्रुपमधली माणसं कमी झाली. बरंच झालं.

टेलिग्रामचीही खोड आहे. परीक्षा जवळ आली की ‘पेपर मिळेल’ म्हणणारी चॅनेलं उगवतात आणि चोरीच्या पीडीएफचा तर बाजारच भरतो. मुलांना तिकडे पाठवायला मी तयार नाही. म्हणून साडेतीन तारे, तेही फक्त शिक्षकांसाठी. फेसबुकच्या शिक्षक ग्रुपना दीड. तिथे सत्काराचे फोटो मुबलक आणि गेल्या महिन्यातली पोस्ट शोधून सापडत नाही.

मुलांच्या फोटोंबद्दल मात्र सगळ्याच ॲपवर माझं एकच धोरण आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. मी हात आणि प्रयोग यांचेच फोटो काढते. मोटरीला चेहरा लागत नाही.

टेलिग्राम घेणार असाल तर दोन गोष्टी आधी करा. प्रायव्हसीत जाऊन आपला नंबर कोणालाही दिसणार नाही असं ठेवा, आणि आपोआप डाउनलोड होणं बंद करा. नाहीतर फोन भरतो आणि वरच्या कार्यालयातून आलेली ‘आज पाचपर्यंत भरा’वाली लिंक नेमकी तेव्हाच उघडत नाही.