पीक डिस्ट्रिक्टमध्ये जिओकॅशिंग: चुनखडी की पीट?

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या मदतीने कुणीतरी लपवलेला डबा शोधण्याचा खेळ. पहिल्यांदाच जाणार असाल तर इंग्लंडच्या या राष्ट्रीय उद्यानातला दक्षिणेचा, चुनखडीचा व्हाइट पीक निवडा. मात्र लॅथकिल डेलसारख्या दरीत कड्यांवर आपटून सिग्नल फिरतो, जीपीएस भरकटतं. शेवटच्या वीसेक मीटरमध्ये डबा डोळ्यांनीच शोधा. कुंपणाच्या भिंतीचे दगड उपसू नका. ओली चुनखडी साबणासारखी निसरडी.

उत्तरेच्या डार्क पीकमध्ये, किंडर स्काउटवर (६३६ मीटर), आभाळ मोकळं, जीपीएस नेमकं. पण त्याच्या बाणाच्या रेषेत चालणं म्हणजे वेडेपणा! पाण्याने पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची दलदलीची माती) कापून केलेल्या पुरुषभर खोल घळी आडव्या येतात. धुक्यासाठी नकाशा-होकायंत्र, पायांना गेटर्स (बुटांवरून पोटरीपर्यंत चढवायची आवरणं) हवेतच. हिरवंगार लुसलुशीत शेवाळ दिसलं की वळसा घाला, खाली पाणी असतं. पक्ष्यांची घरटी जमिनीवर असतात, म्हणून १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा आखूड दोरीवर.