प्रॉक्झिमा बी की ट्रॅपिस्ट-1 ई?

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या पृथ्वीसारख्या खडकाळ ग्रहांचा विषय निघाला की ही दोन नावं हमखास येतात. यातल्या कोणत्याबद्दल जास्त खात्रीने काही कळतं? प्रॉक्झिमा बी अगदी शेजारी, 4.2 प्रकाशवर्षांवर. 2016 मध्ये तो सापडला ताऱ्याच्या डुलण्यावरून. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित पुढेमागे होतो आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा सरकतात. यातून वस्तुमान कळतं, तेही किमान: पृथ्वीपेक्षा थोडं जास्त. आकार मात्र कळत नाही. म्हणजे ‘खडकाळ’ हा अजून अंदाजच.

ट्रॅपिस्ट-1 ई सुमारे 40 प्रकाशवर्षं लांब. पण तो दर सहा दिवसांनी आपल्या ताऱ्यासमोरून जातो, आपल्याकडे 2004 आणि 2012 मध्ये दिसलेल्या शुक्राच्या अधिक्रमणासारखाच. प्रकाश किती घटला यावरून त्रिज्या मिळाली, पृथ्वीच्या 0.92 पट. शिवाय या ताऱ्याला सात ग्रह. भावंडांच्या ओढाताणीत अधिक्रमणाची वेळ मागेपुढे होते. त्यावरून वस्तुमान निघालं, 0.69 पट. दोन्ही हाताशी आले की घनता काढता येते, आणि ती खडकाचीच आहे!

तारे दोन्हीकडे लाल खुजे, म्हणजे लहान आणि थंडसर, भडकण्याची खोड असलेले. तरी माझं मत ट्रॅपिस्ट-1 ईला. वेब अवकाश दुर्बीण अधिक्रमणाच्या वेळी त्याच्या वातावरणाचाही माग काढू शकते.