सहा कोंबड्यांसाठी तयार लोखंडी खुराडे : दीड वर्षाच्या वापरानंतरचे मत

धायरीतील घराच्या मागच्या अंगणात कावेरी जातीच्या सहा तलंगा (अंडी घालण्याच्या वयात येत असलेल्या तरुण कोंबड्या) पाळायचे ठरले, तेव्हा आम्ही एका फॅब्रिकेटरकडून चार फूट लांब आणि तीन फूट रुंद असे तयार लोखंडी खुराडे साडेनऊ हजार रुपयांना घेतले. कोंबड्या दिवसभर अंगणात मोकळ्या असतात, त्यामुळे रात्रीपुरती प्रत्येकीला दोन चौरस फूट जागा पुरेशी होते.

खालचा सरकता ट्रे ही या खुराड्याची सर्वांत मोठी सोय आहे. त्यात दोन इंच भाताचे तूस पसरले की रोज सकाळी कोंबड्यांच्या बसायच्या दांडीखालची विष्ठा खुरप्याने काढायला पाच मिनिटे लागतात आणि आठवड्यातून एकदा ट्रे बाहेर ओढून सगळे तूस बदलता येते. पावसाळ्यात मात्र हा क्रम पुरत नाही. तूस ओलसर राहिले की अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि त्याचा त्रास शेजाऱ्यांच्याही आधी कोंबड्यांच्या डोळ्यांना व श्वासाला होतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही ते दर तीन दिवसांनी बदलले. कोंबड्यांचे रक्त पिणारे बारीक लाल कीटक दिवसा लाकडाच्या फटींत दडतात. येथे सांगाडा लोखंडी अँगलचा असल्याने फटी कमी आहेत, हाही मोठा फायदा.

जाळीबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे. बारीक तारेची षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवू शकत नाही. दुसऱ्याच महिन्यात, उजाडल्यानंतर आणि आम्ही दार उघडण्यापूर्वी, मुंगसाने खालच्या कोपऱ्यातली जाळी फाकवून एक तलंग मारली. ती नुकतीच अंडी घालू लागली होती, आणि ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्यानंतर आम्ही चारही बाजूंना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी बसवली आणि नुसत्या कडीऐवजी कुलूप लावले.

अंड्यांचे खोके आणि बसायची दांडी एकाच उंचीवर आहेत, हीदेखील आखणीतली चूक. कोंबडी रात्री मिळेल त्या उंच जागी बसते. त्यामुळे दोघी-तिघी खोक्यातच झोपत आणि सकाळची अंडी विष्ठेने माखत. दांडी एक फुटाने वर घेतल्यावर चार दिवसांत ही सवय सुटली. पत्र्याचे छप्पर एप्रिलमध्ये इतके तापते की खुराडे जांभळाच्या सावलीत हलवून त्यावर ओले गोणपाट टाकावे लागले. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी ठेवून धापा टाकते, आणि हे दिसल्यावर संध्याकाळपर्यंत थांबणे योग्य नाही.

हे खुराडे घ्यावे, असेच मी सांगेन. मात्र जाळी आणि दांडीचे बदल ऑर्डर देतानाच करून घ्यावेत. नंतर जाळी बदलायला आम्हाला अठराशे रुपये लागले.